शत्रूच्या घरचें निवडणें-टिपणें

परक्याच्या घरांत ठाण मांडून बसणाऱ्या रोगजंतूलाही स्वतःचा संसार असतो. आफ्रिका खंडांतील निद्रारोगाचा जंतु ट्रिपॅनोसोम हें याचें एक उदाहरण होय. त्सेत्से माशीच्या दंशानें तो मनुष्याच्या रक्तांत शिरतो, पुढें मेंदूपर्यंत पोंचतो, आणि उपचार न झाल्यास रोगी बहुधा दगावतो.

प्रत्येक पेशींतील आनुवंशिकतेचा मजकूर डी.एन.ए.च्या धाग्यावर चार अक्षरांनीं लिहिलेला असतो. त्यांपैकीं थायमिनशीं युरॅसिल नांवाच्या द्रव्याचें इतकें साम्य आहे कीं, नक्कल उतरविणाऱ्या यंत्रणेला दोहोंतील भेद कळत नाहीं. तांदुळांत पांढरा खडा मिसळून जावा, तसेंच हें. हा खडा वेंचण्याचें काम 'डीयूटीपेझ' हें एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारें प्रथिन, करीत असतें. तें युरॅसिलयुक्त घटक फोडतें, आणि उरलेल्या भागापासून पुढें थायमिनचाच घटक तयार होतो. प्रयोगशाळेंत हें एन्झाइम कमी केलें असतां युरॅसिल धाग्यांत शिरतें; दुरुस्तीची यंत्रणा तें कापून काढते; त्या जागीं पुन्हां तेंच बसतें; अखेर धागा तुटून जंतूची वाढ खुंटते.

परंतु असें निवडणें-टिपणें आपल्याही पेशींत चालतें. मग शत्रूला मारणारें औषध आपल्यालाच मारणार नाहीं काय? ही शंका रास्त आहे. १९४९ सालापासून या रोगावर दिलें जाऊं लागलेलें मेलार्सोप्रोल हें सोमलजन्य औषध शेंकडा सुमारें ५ रोग्यांचा स्वतःच बळी घेत असे. येथें मात्र निसर्गानें एक सोय ठेविली आहे. मनुष्याचें डीयूटीपेझ तीन घटकांच्या जुळणीचें, तर ट्रिपॅनोसोमाचें दोन घटकांचें. काम एकच, घडण अगदीं निराळी. बिहारांतील काळ्या आजाराला कारण होणाऱ्या लीश्मानिया कुळांतही हीच दुहेरी घडण आढळते. तेव्हां जंतूच्या एन्झाइमाला जखडील व आपल्या एन्झाइमाला स्पर्श करणार नाहीं, असें द्रव्य शोधणें शक्य आहे.

रोग्यास देण्याजोगें असें औषध अद्याप निघालेलें नाहीं. तथापि २०१८ सालीं मान्यता पावलेल्या फेक्सिनिडाझोलनें या तत्त्वाची प्रचीति दिली आहे. त्याचा मार्ग वेगळा. पण जंतूंत असलेल्या व मनुष्यांत नसलेल्या एका एन्झाइमामुळेंच तें जंतूला विष होतें. औषधाचें मोल मारण्याच्या शक्तींत जितकें, तितकेंच कोणाला मारूं नये हें ओळखण्यांत आहे.