सही करण्यापूर्वी

1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. त्यांचा राग कर्जावर होता, तितकाच कागदावरही होता. ज्यावर अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे, हे त्यांना वाचता येत नव्हते. म्हणूनच 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने अशी खते ग्राम-निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिली जावीत अशी तरतूद केली. हा धडा मी वर्षानुवर्षे शिकवला. गेल्या वर्षी आपल्याच शाळेचा एक पदवीधर माजी विद्यार्थी जाडजूड इंग्रजी करारनामा घेऊन घरी आला, तेव्हा तो धडा मला नव्याने आठवला.

रक्ततपासणी करणाऱ्या एका कंपनीची फ्रँचायझी त्याला घ्यायची होती. अनामत म्हणून वडिलांच्या निवृत्तीची रक्कम जाणार होती. "सर, कंपनी मोठी आहे, वकील कशाला?" हा त्याचा प्रश्न. माझे मत नेमके उलटे आहे. करार कंपनीच्या वकिलांनी कंपनीच्या सोयीने लिहिलेला असतो. आपल्या बाजूने तो वाचणारा कोणीतरी हवाच.

आपल्या देशात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. 1872 चा करार कायदाच मुख्यतः लागू होतो. त्यामुळे आधीची किती केंद्रे बंद पडली, ही माहिती आपणच मागावी आणि ती लेखी घ्यावी.

आम्ही दोन संध्याकाळी तो करार वाचला. अनामत परत मिळणार नव्हती. मात्र कंपनीला तीस दिवसांच्या नोटिशीने, कारण न देता करार मोडता येणार होता. वाद झाल्यास लवाद दिल्लीत. करार संपल्यावर दोन वर्षे हाच व्यवसाय न करण्याची अट होती. करार कायद्याच्या कलम 27 पुढे ती बहुधा टिकणार नाही, पण तसे ठरवून घेण्यासाठी दिल्लीच्या फेऱ्या कोण मारणार?

सर्वांत धोक्याचे कलम शेवटच्या पानांत होते. अहवाल चुकल्यास रुग्णाच्या नुकसानभरपाईचा भार केंद्रचालकावर टाकलेला होता. अहवालावर सही कोण करील, हे मात्र लिहिलेलेच नव्हते. पॅथॉलॉजीत पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केले आहे. वापरलेल्या सुया आणि रक्ताळलेला कापूस यांची विल्हेवाट 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार लावावी लागते. तो खर्च आणि ती परवानगी कोणाची, याबद्दलही मौनच. गावातला रुग्ण दाद मागायला कंपनीच्या मुख्यालयात जात नाही. तो आपल्याच दारात येतो, आणि बहुतेक वेळा तो आपल्याच वस्तीतला असतो.

आपल्या मुलांनी व्यवसायात उतरू नये, असे मी म्हणत नाही. नोकऱ्या आटत असताना उतरलेच पाहिजे. परंतु "अविश्वास दाखवला तर संधी जाईल" ही भीती आपल्या पिढ्यांना फार महागात पडली आहे.

वकिलांनी पाच दुरुस्त्या सुचवल्या. कंपनीने तीन मान्य केल्या. अनामत आणि नुकसानभरपाई या दोहोंवर पत्रव्यवहार सुरू आहे. वडिलांचे पैसे अद्याप बँकेतच आहेत.