स्मार्ट टीव्ही, पण ट्यूनर कुठंय?

मंडळी, टीव्हीच्या दुकानात गेलं की विक्रेता आपल्याला पडदा दाखवतो. फोर के, डॉल्बी, आवाजावर चालणारा रिमोट आणि काय काय! माझं म्हणणं सरळ आहे. आधी तो टीव्ही उलटा फिरवा आणि मागची सॉकेट्स बघा. गावाकडच्या आईबाबांसाठी घेत असाल तर बघाच.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडे जा, कौलांवर छत्र्या दिसतील. दूरदर्शनची ही फ्री डिश सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' नावानं सुरू झाली. महिन्याचं भाडं शून्य. छत्रीतून निघालेली वायर थेट टीव्हीत जायला हवी की नाही? नाही जात, कारण टीव्हीत सॅटेलाइट ट्यूनरच नाही! मग मध्ये सेट टॉप बॉक्स, त्याचा अ‍ॅडाप्टर, अजून एक केबल आणि दुसरा रिमोट. व्होल्टेज वरखाली झालं की पहिला अ‍ॅडाप्टर उडतो. मग पुण्यात ऐन मीटिंगमध्ये फोन येतो, "अरे, नो सिग्नल येऊन राहिलं ना!" पुढची वीस मिनिटं 'बाबा, सोर्सचं बटण दाबा, ते नाही, दुसऱ्या रिमोटचं' हे चालतं. (आपल्यापैकी निम्मे लोक हा फुकटचा टेक सपोर्ट देतात, खोटं सांगू नका.)

त्या बॉक्समध्ये असतं तरी काय? एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट द्यायचे, सिग्नल उलगडायचा आणि चित्र दाखवायचं. यातलं चित्राचं काम टीव्हीची चिप करतेच. म्हणजे एकाच कामाचे पैसे आपण दोनदा मोजतो!

आणि जी अँटेनाची सॉकेट हमखास असते, तिचं करायचं काय? दूरदर्शनचे जमिनीवरचे अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत मोजके सोडून बंद झाले. २०१६ मध्ये डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं ते १६ शहरांत. महाराष्ट्रातली त्यात दोनच, मुंबई आणि औरंगाबाद. आम्हाला त्यातल्या त्यात जवळचं रायपूर, तेही सुमारे दीडशे किलोमीटर. टॉवरची पोच तेवढी नसते. थोडक्यात, ते भोक आमच्याकडे केबलवाल्यापुरतं!

भारतीय मानक ब्युरोनं २०२२ साली सॅटेलाइट ट्यूनर असलेल्या टीव्हीसाठी आयएस १८११२ हे मानक काढलं. छान. पण नुसत्या मानकानं काय होतं? युरोपीय संघानं २००२ च्या निर्देशात ३० सेंटीमीटरपेक्षा मोठ्या डिजिटल टीव्हीला कुठल्याही कंपनीचं मॉड्यूल बसेल अशी जागा सक्तीची केली. आपल्याकडे ट्रायनं अशीच शिफारस एप्रिल २०२० मध्ये केली. शिफारसच, बरं का! पेड डीटीएचवाल्यांना तरी घाई का असावी? बॉक्स त्यांचा, म्हणजे गिऱ्हाईकही बांधलेलं.

"आता सगळं ऑनलाइनच बघतात" हे मला पटत नाही. डेटा पॅक संपला की स्मार्ट टीव्हीचा नुसता आरसा होतो. छत्रीला पॅक लागत नाही. धो धो पावसात तीही रुसते म्हणा, पण पाऊस थांबला की परत येते.

तर माहितीपत्रकात 'डीव्हीबी-एस२' शोधा, मागे आट्यांची सॉकेट आहे का बघा. अशी मॉडेल्स मिळतात, फक्त विचारावी लागतात. जमलं तर पैसे द्यायच्या आधी छत्रीची वायर लावून वाहिन्या शोधायला लावा. "भैया, बॉक्स लगा लो ना" असं उत्तर आलं, तर शेजारचं दुकान गाठा.