हातातले संकट डोळ्यांवर!

वाहन चालविताना मोबाइल हातात धरणे हा गुन्हा आहे, हे आता शाळकरी पोरासही ठाऊक झाले आहे. परंतु तोच मोबाइल हातातून निघून चष्म्याच्या काचेत जाऊन बसला, तर तो गुन्हा राहतो की नाही? या प्रश्नाचे सरळ उत्तर आजच्या कायद्यात सापडत नाही. आणि प्रश्न काही हवेतला नव्हे. डोळ्यांपुढे अक्षरे, चित्रे आणि नकाशे उमटविणारा मेटा कंपनीचा चष्मा ३० सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेत ७९९ डॉलरला विक्रीस आला. त्याचा बिनपडद्याचा, पण कॅमेरा असलेला आणि बोलणारा भाऊबंद त्याच वर्षीच्या मे महिन्यात भारताच्या बाजारात दाखल झाला होता. थोरला भाऊ मागे राहील, असे मानण्याचे कारण नाही. असा चष्मा, किंवा हेल्मेटच्या काचेवर मजकूर दाखविणारे तत्सम उपकरण वापरण्याची मुभा वाहनचालकास असावी काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे : असू नये. आणि तसा नियम हे चष्मे रस्त्यावर सर्रास दिसू लागण्याच्या आधी झाला पाहिजे.

या प्रश्नाचा विचार परदेशातील रुळासारख्या सरळ रस्त्यांवर न करता आमच्या कोडोलीच्या रस्त्यावर उभे राहून करावा, असे आम्ही वाचकांस सुचवितो. वाठारला पुणे-बंगळूर महामार्ग सोडून वारणानगर-कोडोलीकडे वळले की वाहतुकीचे एक निराळेच जग सुरू होते. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि त्यांच्या मागेपुढे बैलगाड्या. दुधाचे कॅन लटकावलेल्या मोटारसायकली, वडापच्या गाड्या, एसटी, महाविद्यालय सुटल्यावर बाहेर पडणारे विद्यार्थ्यांचे थवे. आणि चैत्रात जोतिबाच्या डोंगराकडे निघालेले भाविक. संध्याकाळच्या अंधुक उजेडात पुढच्या ट्रॉलीला मागे दिवा असेलच, याची हमी कोणी द्यावी? ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन दोन सेकंदांत ३३ मीटर अंतर तोडते. डोळ्यांपुढे उमटलेला एक लहानसा निरोप वाचावयास दोन सेकंद सहज लागतात. तेवढ्या अवधीत या रस्त्यावर काय काय आडवे येऊ शकते, हे कोडोलीकरांस आम्ही सांगावयास नको.

आम्ही विज्ञानाचे वैरी आहोत, असा आरोप कोणी करू नये. याच वारणेच्या खोऱ्यात १९९८ मध्ये सुमारे ७० खेडी संगणकाने जोडण्याची योजना हाती घेण्यात आली, तेव्हा देशातील कित्येक शहरांनी संगणकाचे तोंडही धड पाहिलेले नव्हते. पुढे संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशातून ऊस उत्पादकांस माहिती देण्याचा प्रयोगही येथेच झाला. शेतकऱ्याने बांधावर उभे राहून मोबाइलवर उसाचे वजन पाहावे, दर पाहावा, हवामान पाहावे. त्यात आम्हांस आनंदच आहे. आमचा आक्षेप यंत्रास नाही. ते यंत्र चालत्या वाहनाच्या चालकाच्या डोळ्यांवर बसण्यास आहे.

या उपकरणांच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. मोबाइलकडे पाहण्यासाठी मान खाली घालावी लागते; चष्म्यातील पडद्यासाठी ती घालावी लागत नाही, मग हे अधिक सुरक्षितच नव्हे काय? विमानचालकासही समोरच्या काचेवर आकडे दिसतात, हा दाखलाही दिला जातो. परंतु दाखला देणाऱ्यांनी तो शेवटपर्यंत वाचलेला दिसत नाही. अमेरिकेच्या नासा या संस्थेने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात अशा काचेतून पाहत कृत्रिम विमान उतरविणाऱ्या काही अनुभवी वैमानिकांस धावपट्टीवर आडवे उभे असलेले दुसरे विमान दिसलेच नाही! त्यांचे डोळे समोरच होते. चित्त मात्र आकड्यांत होते. १९९९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील दोन मानसशास्त्रज्ञांनी चेंडूचे झेल मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांसमोरून गोरिलाच्या वेषातील माणूस चालत नेला, तर सुमारे निम्म्यांच्या तो लक्षातच आला नाही. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात २०१४ मध्ये ४० तरुण चालकांवर कृत्रिम रस्त्यावर प्रयोग झाला. चष्म्यावरून संदेशांची देवघेव करणारे चालक व्यत्ययानंतर मोबाइलवाल्यांपेक्षा लवकर सावरले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु पुढच्या गाडीने अचानक ब्रेक दाबला, तेव्हा प्रतिसाद देण्यात ते मोबाइलवाल्यांहून सरस ठरले नाहीत. डोळा रस्त्याकडे असणे आणि लक्ष रस्त्यावर असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, एवढे यावरून सिद्ध होते.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात २०१९ च्या दुरुस्तीने चालविताना ‘हातात धरावयाची’ संपर्क-साधने वापरणे धोकादायक ठरविले. पहिल्या गुन्ह्यास १ ते ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिने ते १ वर्ष कारावास, अथवा दोन्ही, अशी शिक्षाही ठेवली. १ ऑक्टोबर २०२० पासून केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि तेही चित्त विचलित होणार नाही अशा रीतीने, त्या साधनांचा उपयोग करण्याची सवलत मिळाली. येथवर ठीक आहे. परंतु नाकावर बसलेला चष्मा हातात धरलेला नसतो! बेफिकीर हाकण्याविरुद्धचे सर्वसाधारण कलम आहेच, असे कोणी म्हणेल. मात्र ते कलम बहुधा हाडे मोडल्यानंतरच जागे होते.

एका शब्दापायी कायदा कसा पांगळा होतो, याचे उदाहरण ब्रिटनने दिले आहे. तेथे हातातील फोनवरून बोलण्यास वा संदेशांची देवघेव करण्यास बंदी होती. एका चालकाने गाडी चालविता चालविता अपघातस्थळाचे चित्रीकरण केले. चित्रीकरण म्हणजे संदेशवहन नव्हे, या मुद्द्यावर २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयात त्याची सुटका कायम झाली. अखेर मार्च २०२२ मध्ये कायदा बदलावा लागला. पुराव्याची अडचण कॅलिफोर्नियात दिसली. ऑक्टोबर २०१३ मध्ये गूगलचा चष्मा घालून मोटार चालविणाऱ्या एका महिलेवर तेथे खटला झाला. परंतु त्या वेळी चष्मा चालू होता हे सिद्ध न झाल्याने जानेवारी २०१४ मध्ये ती सुटली. कॅलिफोर्नियाच्या पोलिसांस जे सिद्ध करता आले नाही, ते आमच्या नाक्यावरच्या हवालदाराने उन्हात उभे राहून कसे सिद्ध करावे?

आणखी एक बाजू आम्हांस अधिक चिंतेची वाटते. हा चष्मा हौसेने घालणारे थोडे असतील. पोटासाठी घालावा लागणारे उद्या पुष्कळ होतील. घरोघर माल पोचविणाऱ्या पोरास मालकाने सांगितले की पुढचा पत्ता डोळ्यांपुढेच उमटेल, तर नाही म्हणण्याची सोय त्यास कोठे आहे? ॲमेझॉन कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या माल पोचविणाऱ्या चालकांसाठी असा चष्मा जाहीर केला. पण गाडी थांबवून उभी केल्यावरच तो सुरू होईल, अशी योजना त्यात ठेवली. चालत्या गाडीत पडदा नको, हे खुद्द बनविणाऱ्यास पटले आहे. मग ते सरकारास पटण्यास अडचण कोणती?

आमच्या मागण्या थोडक्या आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ‘हातात धरावयाची’ या शब्दांच्या जोडीस ‘अथवा अंगावर धारण केलेली, डोळ्यांपुढे मजकूर वा चित्र दाखविणारी’ हे शब्द घालावेत. उपकरण चालू होते की बंद, हा वाद न्यायालयात नेण्यास जागाच ठेवू नये. चालत्या वाहनावर ते चालकाच्या डोळ्यांवर असणे एवढेच पुरेसे मानावे. ज्यास नंबरचा चष्मा लागतो त्याने गाडी हाकताना साधा चष्मा घालावा. हा भार कोणास पेलणार नाही असा नाही. वाहनास पक्का बसविलेला मार्गदर्शक नकाशा आणि वेगाचा काटा यांस आमची हरकत नाही. हा नियम मोटारीस, ट्रकला, ट्रॅक्टरला आणि दुचाकीस सारखाच लागू असावा. आणि मालकाने तो चष्मा लादला असेल, तर दंड मालकासही व्हावा.

आधी खड्डे बुजवा, ट्रॉल्यांना दिवे लावा, मग चष्म्याचे पाहू, असे काही वाचक म्हणतील. खड्डे बुजलेच पाहिजेत आणि दिवे लागलेच पाहिजेत. परंतु ते होईतोवर, जेथे रस्त्याचा भरवसा नाही आणि दिव्याचाही नाही, तेथे चालकाचे लक्ष हाच एकमेव आधार उरतो. त्यातही वाटेकरी आणावयाचा काय?

२०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. चालविताना मोबाइल वापरण्यापायी त्याच वर्षी तीन हजारांहून अधिक बळी गेले. मोबाइल आल्यानंतर कित्येक वर्षांनी आम्ही त्याचा उल्लेख कायद्याच्या कलमात केला. तोवर त्याची सवय हाडीमाशी खिळली होती. चष्म्याच्या बाबतीत अजून वेळ हाती आहे. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण कोडोलीच्या शेतकऱ्यास कळते. दिल्लीतील मंत्रालयासही ती वेळेवर कळावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.