परकी थैली आणि वाणीचे स्वातंत्र्य

परदेशी देणगीवर बंधन आले, की काही स्वयंसेवी संस्थांच्या मुखी एकच घोष सुरू होतो : अभिव्यक्तीचा गळा घोटला! गळा घोटणे म्हणजे काय, हे मराठवाड्याला कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. निजामी राजवटीत ‘गश्ती निशान 53’ या फर्मानाने पूर्वपरवानगीवाचून सभा भरविणे हाच गुन्हा ठरला होता. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बंदी आली. त्याच वर्षी उदगीरचे आर्यसमाजी नेते भाई श्यामलाल यांचा बिदरच्या तुरुंगात अंत झाला. नांदेड-लातूरच्या त्या पिढीने बोलण्याचा अधिकार मागितला होता. बोलण्याचा खर्च कोणी द्यावा, ही तिची तक्रार नव्हती.

आजचा कांगावा निराळा आहे. परदेशी देणगीच्या कायद्यात 2020 साली दुरुस्ती झाली. एका संस्थेने आलेली देणगी दुसरीला देण्यास मनाई झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 8 एप्रिल 2022 रोजी न्या. खानविलकर यांच्या पीठाने स्पष्ट केले की, परदेशी देणगी मिळविणे हा कोणाचा निरपवाद हक्क नव्हे. ज्या अमेरिकेचे दाखले ही मंडळी उठता-बसता देतात, तेथील सर्वोच्च न्यायालयानेही 1991 मध्येच म्हटले होते की, सरकारने पैसा न देणे म्हणजे मुस्कटदाबी नव्हे. दुरुस्तीची झळ मोठ्या संस्थांवर विसंबलेल्या खेड्यांतील लहान संस्थांना बसते, हे खरे. परंतु ती गैरसोय आहे. तिचे गाऱ्हाणे संसदेपुढे मांडावे, त्यास वाणीस्वातंत्र्याचा मुलामा कशाला?

एका बाबतीत मात्र संस्थांची बाजू न्याय्य होती, आणि ते मान्य केलेच पाहिजे. बंद, हरताळ, रास्ता रोको करणाऱ्या संघटनेस राजकीय ठरवून तिची परदेशी देणगी रोखण्याची मुभा 2011 च्या नियमांत होती. ‘इन्साफ’च्या याचिकेवर 6 मार्च 2020 रोजी न्यायालयाने त्या नियमाला वेसण घातली : सक्रिय राजकारणाशी संबंध नसेल, तर केवळ आंदोलन केले म्हणून देणगी अडविता येणार नाही. तो नियम संपुआच्या राजवटीतला. मूळ कायदा 1976 चा, ऐन आणीबाणीतला. त्या आणीबाणीत ज्यांनी कारावास भोगला, त्यांच्या वारसांनी तरी असे हत्यार पारखूनच हाती धरावे. सत्ता काही एकाच घरी नांदत नाही.

पैसा परकी म्हणून विटाळतो, असेही नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसर जमीनदोस्त झाला तेव्हा देशोदेशींहून मदत आली आणि ती कृतज्ञतेने स्वीकारली गेली. तो आपद्धर्म होता. परंतु लातूरचे विवेकानंद रुग्णालय 1966 मध्ये काही ध्येयवेड्या डॉक्टरांनी उभे केले. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यातील लंगर भाविकांच्या दानावर पेटता राहतो. औसा किंवा मुखेड तालुक्यातील शेतकऱ्यांचा आवाज म्हणून दिल्लीत उभ्या राहणाऱ्या संस्थेने एवढेच सांगावे : त्या गावांत तिने पन्नास रुपयांचे पावतीपुस्तक कधी फिरविले आहे काय?