हिरव्या भिंतीची मर्यादा

लेस्टर किंवा लंडनच्या उपनगरांत स्थायिक झालेल्या आप्तांकडे जाऊन आलेल्यांनी तेथील घरांमागे बागेभोवतीच्या गर्द हिरव्या भिंती पाहिल्या असतील. पुष्कळदा तो लेलँड सायप्रस असतो. आपल्या मोरपंखीच्याच कुळातला. १८८८ साली वेल्समधील लेटन हॉलच्या आवारात दोन अमेरिकी सायप्रसांच्या नैसर्गिक संकरातून तो जन्मला आणि पुढे फांद्यांच्या कलमांवरच सर्वत्र पसरला.

थंडी, सोसाट्याचा वारा, समुद्राची खारी हवा हे सारे तो सोसतो. वारा अडविण्यास दगडी भिंतीपेक्षा झाडांची रांग बरी. भिंतीवरून उसळलेला वारा पलीकडे भोवरा होऊन आदळतो. रांग मात्र त्याला गाळून घेते आणि आपल्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत आडोसा देते. लागवड सोपी आहे. पाणी न साचणारी जमीन, रोपांत पाऊण मीटर अंतर आणि पहिले दोन उन्हाळे पाणी एवढे पुरते.

कठीण आहे ते पुढचे. हे झाड कोवळ्या वयात वर्षाला जवळजवळ मीटरभर वाढते, आणि त्याच्या जुन्या, तपकिरी लाकडाला पुन्हा पालवी फुटत नाही. चार वर्षे दुर्लक्ष करून एकदम खोल छाटले, तर कुंपणाला कायमची भगदाडे पडतात. म्हणून परिग्रहाचे परिमाण आधी ठरवावे, तशी कुंपणाची उंचीही लावतानाच ठरवावी आणि दरवर्षी केवळ हिरवी टोके खुडावीत. वनस्पतिकायाची हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टळत नाही. पण आळसापायी आख्खे झाड मारणे हा अनर्थदंडच होय. जुन्या लाकडातूनही फुटणारे झाड हवे असेल, तर यू लावावा. तो सावकाश वाढतो. मात्र त्याचा पाला आणि बी विषारी असल्याने लहान मुले व गुरे असतील तेथे तो नको.

उंची हाताबाहेर गेली की शेजाऱ्याचे ऊन जाते. इंग्लंडमध्ये हे कलह इतके वाढले, की २००३ साली त्यासाठी कायद्यात तरतूद झाली. सदाहरित झाडांचे दोन मीटरपेक्षा उंच कुंपण उजेड अडवीत असेल, तर २००५ पासून शेजाऱ्याला स्थानिक कौन्सिलकडे दाद मागता येते. कौन्सिल ते उतरवायला सांगू शकते, समूळ तोडायला नाही. अर्थात प्रकरण तेथवर जाईपर्यंत शेजारधर्म उरलेला नसतो.

एक पेच मात्र राहतोच. छाटणीचा काळ वसंत ते ऑगस्ट. पक्ष्यांच्या विणीचाही साधारण तोच. वापरातील घरटे मोडणे तेथे गुन्हा आहे, आणि जैन घराला तर त्यासाठी कायदा सांगावा लागू नये. कात्री चालविण्यापूर्वी फांद्या हलकेच बाजूला सारून आत पाहावे. घरटे दिसले, तर तेवढा भाग पिल्ले उडेपर्यंत सोडून द्यावा. ऑगस्टअखेर त्यावर हात फिरविता येतो. त्याहून फार उशीर करू नये, कारण थंडी पडल्यावर कापलेली टोके करपतात.