सूर्य अजून गेली नाही!

पुण्यात औंधला ब्रेमेन चौक आहे. तुमच्यापैकी काहीजण त्या चौकातून रोज शाळेला जात असतील. पण 'हे ब्रेमेन म्हणजे काय हो?' असं कुणाला विचारून बघा. बरेचजण खांदे उडवतील! मीही उडवले असते. ब्रेमेन हे उत्तर जर्मनीतलं, वेझर नदीच्या काठचं जुनं शहर. पुण्याशी त्याची जुनी दोस्ती, म्हणून त्याचं नाव आपल्या चौकाला. मला हे ठाऊक असायचं कारण एवढंच, की माझी धाकटी बहीण तिथे राहते.

कॉलेजात असताना तिने रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकायला घेतलं, तेव्हा आम्ही तिची भरपूर थट्टा केली होती. खरं तर पुणेकरांना जर्मनचं वेड काही नवीन नाही. 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावती कर्वे बर्लिनला शिकून १९३० साली डॉक्टरेट घेऊन आल्या होत्या. पण आमची बाईसाहेब गेली ती तिकडचीच झाली. लग्न, नोकरी, घर, सगळं ब्रेमेनला. आणि तिथेच जन्मली आमची भाची. आता ती दहा वर्षांची आहे.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी, माझा सातवीतला मुलगा आणि आमची आई, म्हणजे मुलांची आजी, असे तिघे तिच्याकडे गेलो. आजीचं वय चौऱ्याहत्तर. विमानाचा पहिलाच प्रवास. मुंबईहून फ्रँकफुर्ट, आणि तिथून आगगाडीने साधारण चार तास. आजीने सोबत काय घेतलं होतं सांगू? भाजणी, गोडा मसाला, केशर, वेलदोडे आणि एक छोटा पितळी खलबत्ता. 'अगं, तिथे मिक्सर असतो,' असं मी म्हटलं, तर म्हणाली, 'मिक्सरमधल्या वेलदोड्याला वास येत नाही.' झालं! खलबत्ता निघाला जर्मनीला.

पण आजी खरी निघाली होती ती नातीशी बोलायला. इतकी वर्षं भेट व्हायची ती फोनच्या पडद्यावर. नात हात हलवायची, हसायची आणि पळून जायची. मराठी तिला सगळं कळायचं, पण ती बोलायची नाही. आईबाबा मराठीत विचारणार आणि ही जर्मनमध्ये उत्तर देणार. बालवाडीपासून शाळा जर्मन, मैत्रिणी जर्मन, मग दुसरं काय होणार? माझी बहीण एकदा फोनवर रडली होती. 'आईला तिच्याशी बोलता येत नाही, हा माझाच दोष आहे,' म्हणाली. आजीला हे आम्ही सांगितलं नव्हतं. पण आजींना न सांगताच सगळं कळतं, बरं का.

पहिले दोन दिवस तसेच गेले. आजी विचारायची, 'काय गं, शाळेत काय केलंस?' नात मान हलवायची, आईकडे बघून जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटायची आणि खोलीत जायची. माझ्या मुलाने इंग्रजी चालवून पाहिलं. त्या दोघांचं पत्त्यांवर आणि फुटबॉलवर जमलं. (ब्रेमेनचा संघ वेर्डर. रंग हिरवा-पांढरा. तिसऱ्या दिवशी आमचा मुलगाही हिरवा!) आजी मात्र बाजूला बसून नुसती बघायची.

खाण्याचीही पंचाईतच. जर्मन घरांत पुष्कळदा रात्रीचं जेवण गार असतं. पाव, लोणी, चीज, काकड्या, टोमॅटो. माझ्या बहिणीच्या घरीही नोकरीच्या दिवसांत तेच. 'रात्री गार जेवायचं? आजारी आहेत की काय सगळे?' आजीचा पहिला प्रश्न! पाव म्हणजे आपला लुसलुशीत पाव नव्हे हं. राय नावाच्या धान्याचा काळा, जड, आंबूस पाव; विटेसारखा दिसतो. त्या देशात पावाच्या तीन हजारांवर प्रकारांची नोंद केलेली आहे. दोन दिवस आजीने त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यावर तूप आणि लसणाची चटणी घालून खाल्ला आणि म्हणाली, 'अगं, ही तर भाकरीच की!'

मग आम्ही गाव बघायला निघालो. मोठ्या चौकात नगरपालिकेची इमारत आहे. १४०५ ते १४१० या काळात बांधलेली, आणि अजून वापरात! तिच्यासमोर रोलांड नावाच्या वीराचा दगडी पुतळा. तो १४०४ सालचा. उंची साधारण साडेपाच मीटर. तो उभा आहे तोवर शहर स्वतंत्र, असं गावकरी मानतात. २००४ साली युनेस्कोने या दोन्हींना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. या रोलांडच्या पायांशी एका माणसाचं डोकं कोरलेलं आहे. ते कोणाचं? मेहुण्यांनी गोष्ट सांगितली.

फार पूर्वी एम्मा नावाची एक दयाळू सरदारीण होती. गावकऱ्यांना गुरं चारायला कुरण हवं होतं. ती म्हणाली, 'एक माणूस एका दिवसात जेवढ्या जमिनीला फेरी घालेल तेवढी तुमची.' तिच्या लोभी नातेवाइकाने काय करावं? फेरी घालायला चालता न येणारा एक अपंग भिकारी निवडला. पण तो गडी सरपटत सरपटत निघाला आणि संध्याकाळपर्यंत एवढी मोठी फेरी मारली, की सगळ्या गावाला पुरेल एवढं कुरण मिळालं!

'अगं बाई, हा तर वामन!' आजी एकदम म्हणाली. आणि तिथेच, त्या पुतळ्यासमोर उभं राहून, हातवारे करत तिने बळीराजाची आणि वामनाच्या तीन पावलांची गोष्ट दोन्ही नातवंडांना सांगितली. आजूबाजूचे पर्यटन करणारे लोक वळून वळून बघत होते. भाची एक शब्द बोलली नाही. रात्री मात्र तिने आपल्या आईला हळूच विचारलं (जर्मनमध्येच), की 'पाताळ' म्हणजे नक्की कुठे असतं?

म्हणजे कान उघडे होते तर!

नगरपालिकेच्या बाजूला तुम्हांला ओळखीचे चार प्राणी भेटतात. गाढव, त्याच्यावर कुत्रा, त्याच्यावर मांजर आणि सर्वांत वर कोंबडा. ग्रिम बंधूंच्या गोष्टीतले ब्रेमेनचे वादक! म्हातारे झाले म्हणून मालकांना नकोसे झालेले हे चौघे ब्रेमेनला गाणं-बजावणं करायला निघतात. गंमत म्हणजे ते ब्रेमेनला पोचतच नाहीत. वाटेत चोरांना पळवून लावून त्यांच्याच घरात सुखाने राहतात. तरी गावाने १९५३ साली त्यांचा ब्राँझचा पुतळा उभारला. गेऱ्हार्ड मार्क्स नावाच्या शिल्पकाराने तो केला. गाढवाचे पुढचे पाय हात लावून लावून सोन्यासारखे चकचकीत झालेत. दोन्ही हातांनी दोन्ही पाय धरायचे आणि मनातली इच्छा सांगायची. एकाच हाताने धरलंत, तर गाववाले म्हणतात, 'एक गाढव दुसऱ्या गाढवाशी हात मिळवतंय!' आमच्या चिरंजीवांनी अर्थातच एका हाताने धरला. भाची इतकी हसली! आजीने दोन्ही हातांनी धरले आणि बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली. काय मागितलं, ते मी विचारलं नाही.

चौकातच जमिनीत एक झाकण आहे. त्यात नाणं टाकलं, की खालून त्या चौघांपैकी एक ओरडतो. ते पैसे चांगल्या कामाला जातात. आमचे किती युरो त्या भोकात गेले, ते मेहुण्यांना विचारू नका.

परत येताना घडलं ते असं. रस्ता रिकामा. दूरवर एक गाडी नाही. सिग्नलवर लाल माणूस. आजी पुणेकर! तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि पाऊल टाकलं. एवढ्यात मागून आवाज आला, 'आजी, थांब! लाल आहे!'

आम्ही सगळे पुतळ्यासारखे उभे. भाचीचे गाल लाल झाले. आजी मुकाट्याने मागे आली, नातीचा हात धरला आणि सिग्नल हिरवा होईपर्यंत काही म्हणजे काही बोलली नाही. मी तोंड उघडणार होते, पण तिने डोळ्यांनीच मला दटावलं. कौतुकाने पोरं आणखी बुजतात, हे तिला माहीत होतं.

त्यानंतर वाक्यं येऊ लागली, एक-एक, अडखळत. मेच्या अखेरीस तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. आजीने एका रात्री विचारलं, 'झोपायचं नाही का?' तर उत्तर आलं, 'सूर्य अजून गेली नाही!' माझा मुलगा खो-खो हसायला लागला. भाची रडवेली झाली. तिच्या आईने मग समजावलं. जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं असतात. तो, ती आणि ते. (इंग्रजी शिकताना हा त्रास नसतो, म्हणून आपल्याला कल्पना येत नाही.) पण जर्मनमध्ये सूर्य 'ती' आहे, चंद्र 'तो' आहे, आणि मुलगी चक्क 'ते'! भाची जर्मन सूर्य मराठीत घेऊन आली होती, एवढंच. आता हसणाऱ्याला मी विचारलं, 'टेबल ते का, आणि खुर्ची ती का, सांग बघू.' गप्प बसला. तुम्हांला सांगता येतंय?

आणि मग तो रविवार.

जर्मनीत रविवारी जवळजवळ सगळी दुकानं बंद. शिवाय आवाज करायचा नाही. भिंतीला भोकं पाडणं नाही, ठोकाठोकी नाही. हे आजीला कोण सांगणार? शनिवारी तिने क्वार्क आणवला होता. क्वार्क म्हणजे त्यांचा चक्काच म्हणा ना, डब्यात मिळतो. तरी आजीने तो रात्रभर फडक्यात बांधून नळाला टांगला. 'पाणी आहे त्यात,' म्हणे. भाची ते गाठोडं बघून चकित! तिने सांगितलं, की जर्मनमध्ये कुणी वेड्यासारखं बोललं, तर 'काय हे क्वार्क!' असं म्हणतात. 'चक्क्याला नावं ठेवतात?' आजीला हे अजिबात पटलं नाही.

रविवारी दुपारी दोन वाजता आजीने खलबत्त्यात वेलदोडे कुटायला घेतले. ठण्, ठण्, ठण्! पाच मिनिटांत दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई. पांढरे केस, हातात काठी, चेहरा कडक. माझी बहीण आणि मेहुणे सायकली घेऊन बाहेर गेलेले. मला जर्मन येत नाही. घरात जर्मन येणारी एकच व्यक्ती, वय वर्षं दहा.

भाची दोन आज्यांच्या मध्ये उभी राहिली.

'ती म्हणते, रविवारी ठोकायचं नाही.'

'त्यांना सांग, चुकलं माझं. मला माहीत नव्हतं. आणि विचार, गोड खातात का?'

तिने विचारलं. आजीबाईंच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. आजीने वाटीत श्रीखंड घालून दिलं.

'ती विचारते, क्वार्क पिवळा का?'

'केशर आहे म्हणावं.'

भाची अडली. 'केशर म्हणजे?' आजीने डबी उघडून दाखवली. आजीबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं आणि ओरडल्या, 'साफ्रान!' आणि काय सांगू, त्या चक्क गुणगुणायलाच लागल्या. केक भाजण्याचं एक जुनं जर्मन बडबडगीत आहे, त्यात केशर येतं. तिथल्या घरोघरी लहान मुलांना ते म्हणून दाखवतात. भाचीलाही ते पाठ. दोघींनी मिळून म्हटलं, आजीने टाळ्या वाजवून ताल धरला. मग पाऊण तास त्या तिघी बसल्या. आजीबाईंची नातवंडं म्युनिकला असतात आणि नाताळलाच येतात, हे आम्हांला त्या दिवशी कळलं. भाची इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करून दमली. मध्येच तिला शब्द सापडेना, की आजी हाताने दाखवायची.

त्या गेल्यावर भाचीने विचारलं, 'आजी, तुला मी तू म्हणते. त्यांना तुम्ही म्हणायचं का?' आजी म्हणाली, 'हो. घरच्यांना तू, बाहेरच्या मोठ्यांना तुम्ही.' 'मग जर्मनमध्ये पण तसंच आहे!' तिला एवढा आनंद झाला, जणू तिनेच शोध लावला होता.

पुढच्या आठवड्यात आजीबाईंनी परतफेड म्हणून बटाट्याचे कार्टोफेलपुफर करून पाठवले. कच्चा बटाटा किसून, कांदा घालून तेलात खरपूस तळलेले. सोबत सफरचंदाचा गोड गर. आजीने एक घास खाल्ला, लसणाची चटणी काढली आणि सफरचंद माझ्याकडे सरकवलं. मेमध्ये तिथे पांढऱ्या शतावरीचा हंगाम असतो. उकडलेले बटाटे आणि लोण्याबरोबर खातात, त्यासाठी लोक वर्षभर वाट बघतात. मला ती फार आवडली. आजीचं मत, 'शेवग्याच्या शेंगेपुढे काही नाही.'

निघायच्या दिवशी खलबत्ता तिथेच राहिला. भाचीने मागून घेतला. 'रविवारी वाजवू नकोस हं,' एवढंच आजी म्हणाली.

आता दर शनिवारी फोन येतो. खोटं कशाला सांगू? पहिली पाच-सहा वाक्यं मराठीत होतात, मग गाडी घसरते जर्मनवर. काही शनिवारी तर तिला खेळायला जायची घाई असते आणि 'आजी, बरी आहेस?' एवढ्यावरच आटोपतं. त्या दिवशी आजी फोन ठेवल्यावर जरा वेळ खिडकीशी बसते.

परवा मात्र पुण्यात संध्याकाळी सात वाजता फोन आला. तिकडे अजून दुपार. नातीने विचारलं, 'आजी, तुझ्याकडे अंधार झाला?'

'हो गं,' आजी म्हणाली, 'आमची सूर्य केव्हाच गेली.'