तडा कुठून निघाला, ते आधी पाहा

‘माल डुप्लिकेट आहे,’ हे वाक्य या आठवड्यात पुन्हा कानावर आलं आणि राहवलं नाही. शंकर नगरातल्या एका दुकानात एक तरुण हेल्मेटची पुढची काच घेऊन आला होता. वर्षभरात तडकली म्हणून तक्रार. दुकानदाराने ती हातातही न घेता निकाल देऊन टाकला. मी मागून घेतली. काच आरपार स्वच्छ, कुठे पिवळेपणा नाही. फक्त दोन्ही स्क्रूच्या भोकांपासून निघालेल्या बारीक, सरळ, चकचकीत रेषा. कशाने पुसतोस, विचारलं. आरसे पुसायचा स्प्रे, आणि डाग राहिलाच तर पेट्रोलचा बोळा.

आता हीच काच गच्चीवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीशेजारी ठेवून बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि खुर्ची वर्षानुवर्षं उन्हात पडून असते. तिच्या पाठीवरून बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागते. रंग विटतो, उन्हाकडच्या बाजूला बारीक भेगांचं जाळं पसरतं; उलटी केली तर खालची बाजू बहुधा अजून तुकतुकीत असते. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून खुर्चीच्या प्लास्टिकच्या, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या, रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात. साखळ्या आखूड झाल्या की प्लास्टिक ठिसूळ होतं आणि एक दिवस कुणी बसताच पाय मोडतो.

हेल्मेटच्या काचेत साखळ्या तुटाव्या लागत नाहीत. ती बहुतेक वेळा पॉलिकार्बोनेटची असते. त्याच्या साखळ्या लोकरीच्या गुंत्यासारख्या एकमेकींत अडकलेल्या असतात, आणि त्या गुंत्यातच तिची ताकद असते. स्क्रू आवळला की भोकाभोवती कायमचा ताण राहतो. पेट्रोल, थिनर, अमोनियायुक्त स्प्रे असलं काही तिथे झिरपलं की गुंता सैल होतो, साखळ्या एकमेकींवरून निसटतात आणि ताणाच्या जागी तडा उघडतो. नुसत्या ताणाने काच वर्षानुवर्षं टिकली असती. दोघं एकत्र आले म्हणून गेली. म्हणून उन्हाची खूण पृष्ठभागभर पसरते, आणि रसायनाची स्क्रूपाशी, वळणापाशी, कोपऱ्यात सापडते.

हे ज्ञान नवीन नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या डीकॉस्ट, माल्म आणि वॉल्डर यांनी १९५१ मध्येच ताणलेलं पॉलिथिन कोणत्या द्रवात तडकतं यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यातून आलेली चाचणी आजही वापरात आहे: पट्टीला छोटी चीर द्यायची, वाकवून चिमट्यात धरायची आणि साबणासारख्या द्रावणात, ५० अंशांवर, बुडवून ठेवायची. साध्या पाण्यात तग धरणारी पट्टी तिथे तडकते. म्हणजे पॉलिथिनचा वैरी साबण, आणि पॉलिकार्बोनेटला मात्र सौम्य साबणाचं पाणीच मानवतं! फ्रिजच्या आतल्या पांढऱ्या प्लास्टिकला तेल-तूप बाधतं, गरम पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपलाही काही तेलं. प्रत्येकाचं पथ्य निराळं.

आणि हे पथ्य ग्राहकाला सांगायचं कुणी? सूचनापत्रकांवर मी इथे किती वेळा लिहिलं आहे, वाचकांना ठाऊक आहे. युरोपच्या हेल्मेट नियमांत, ज्या हेल्मेटला रंग, स्टिकर, पेट्रोल वा इतर द्रावकांचा अपाय होतो त्यावर तसा इशारा लावणं बंधनकारक आहे. आपल्याकडे खोक्यात इंग्रजीतली बारीक अक्षरं असतात आणि खोकं दुकानातच राहतं. माझा तर पक्का समज आहे की ‘डुप्लिकेट’ म्हणून फेकलेल्या वस्तूंपैकी बऱ्याच चुकीच्या पुसण्याने गेल्या आहेत. आकडे माझ्याकडे नाहीत, पण काउंटरवर ‘कशाने पुसता?’ असं विचारणारा दुकानदार मला अजून भेटलेला नाही.

त्या तरुणाला इतकंच सांगितलं आणि तुम्हालाही सांगतो: कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं. स्क्रू गरजेपुरताच आवळा. कवचाला पेट्रोल किंवा थिनर लागलं असेल, तर तडा दिसत नसला तरी ते हेल्मेट डोक्यावर चढवू नका.